घरबसल्या संगीत नाटक : कोणते मुद्रण निवडावे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत घर भरलेले असते. जेवणे आटोपतात आणि घरातले कोणी ज्येष्ठ म्हणतात, "आज टीव्हीवर एखादे संगीत नाटक लावा रे." नातू रिमोट हातात घेतो, 'सौभद्र' असे शोधतो आणि समोर चित्रफितींची रांग उभी राहते. त्यातली पहिली लावली जाते. चित्र पाण्यातून पाहावे तसे, आवाज विहिरीतून आल्यासारखा, ऑर्गन कुठे वाजतो आहे ते कळत नाही. पंधरा मिनिटांत एकेक जण उठू लागतो. शेवटी आजोबा एकटे उरतात आणि मुलांच्या मनात "संगीत नाटक म्हणजे असेच" हे पक्के बसते.

यात अन्याय नाटकावर होतो. मुलांनी नाटक पाहिलेलेच नसते. त्यांनी पाहिलेले असते एक वाईट मुद्रण. म्हणून आज मला एका साध्या प्रश्नावर बोलायचे आहे. घरी बसून संगीत नाटक पाहायचे असेल तर मुद्रण कसे निवडावे, दोन मुद्रणांत डावे-उजवे कसे करावे आणि सुरुवात कोणत्या नाटकाने करावी?

हा प्रश्न आपल्या मराठवाड्यात जास्त महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आहे, तापडिया नाट्यमंदिर आहे. तिथे संगीत नाटकाचा चांगला प्रयोग लागला तर रसिक आवर्जून जातात. पण असे योग कितीसे येतात? गाणारे नट, साथीदार, नेपथ्य, प्रवास हा सगळा खर्च धरला तर संगीत नाटक गावोगाव नेणे सोपे राहिलेले नाही. भोकरदन, गेवराई किंवा सेलूच्या शाळकरी मुलाने 'शारदा' किंवा 'संशयकल्लोळ' पाहायचे ठरवले, तर त्याच्यासाठी थिएटर म्हणजे घरातला टीव्ही किंवा हातातला फोन. त्याची या नाट्यप्रकाराशी पहिली भेट पडद्यावरच होणार. ती भेट बिघडली तर दुसरी होण्याची शक्यता कमीच.

मुद्रणाचे तीन प्रकार

बाजारात आलेल्या व्हीसीडी-डीव्हीडी असोत, दूरदर्शनने चित्रित केलेली नाटके असोत किंवा आज इंटरनेटवर मिळणाऱ्या चित्रफिती असोत, त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे प्रेक्षागृहात, प्रेक्षकांसमोर झालेल्या प्रयोगाचे चित्रण. यात टाळ्या असतात, 'वन्स मोअर' असतो, मधूनच कोणाचा खोकलाही असतो. दुसरा प्रकार स्टुडिओत केलेल्या चित्रणाचा. इथे आवाज स्वच्छ असतो, चेहरे जवळून दिसतात. पण समोर प्रेक्षक नसल्याने नट कधीकधी बिचकल्यासारखे वाटतात. विनोदावर हशा येत नाही आणि पद संपल्यावर एक विचित्र शांतता पसरते. तिसरा प्रकार म्हणजे नाटकावरून केलेला चित्रपट. त्यात गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि नट नंतर त्यावर ओठ हलवतो.

ही विभागणी आपल्यापुरती नाही. युरोपातल्या ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाचे, रसिक याच तीन प्रकारांवर वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. स्वीडनचे दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनी १९७५ मध्ये टेलिव्हिजनसाठी मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'चे चित्रण केले. त्यासाठी एका अठराव्या शतकातल्या नाट्यगृहाची प्रतिकृती त्यांनी स्टुडिओत उभारली, आणि सुरुवातीच्या वाद्यसंगीताच्या वेळी कॅमेरा रंगमंचाऐवजी प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून फिरवला. नाटक ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरही घडत असते, हे त्यांनी ओळखले होते. जोसेफ लोझी यांनी १९७९ मध्ये 'डॉन जिओव्हानी' इटलीतल्या जुन्या हवेल्यांमध्ये नेऊन चित्रित केला. देखणा, पण पूर्णपणे चित्रपट. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून रंगमंचावर चालू असलेला प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली. म्हणजे एकाच नाट्यप्रकाराला पडद्यावर नेण्याचे तीन वेगळे रस्ते.

यातला कोणता चांगला, असे एका वाक्यात सांगता येणार नाही. प्रत्येकाकडून काय मिळते आणि काय सुटते, हे आधी माहीत असले की निराशा होत नाही.

आधी कान, मग डोळे

निवड करताना पहिली कसोटी आवाजाची लावावी. चित्र धूसर असले तरी डोळा पाच-दहा मिनिटांत सरावतो. वाईट आवाजाला कान सरावत नाही, थकतो. नांदी लावा आणि फक्त तीन गोष्टी ऐका. ऑर्गनचा किंवा पेटीचा सूर गायकाच्या मागे स्पष्ट येतो का? तबल्याचा डग्गा ऐकू येतो, की फक्त चाटीची टकटक? आणि पद संपून संवाद सुरू झाल्यावर आवाज एकदम लांब जातो का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर ते मुद्रण ठेवावे, मग चित्र जुने का असेना.

इथे व्हीसीडीबद्दल एक सांगायला हवे. तिचे चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, डीव्हीडीच्या चित्राच्या पाव हिश्शाइतके. मोठ्या टीव्हीवर ते फाटल्यासारखे दिसते. पण तिच्यावरचा आवाज मात्र त्या मानाने बरा असतो. तीच व्हीसीडी कोणीतरी संगणकावर उतरवली, तिसऱ्याने ती दाबून लहान केली, चौथ्याने पुन्हा चढवली, की प्रत्येक वेळी आवाजातले काहीतरी गळते. म्हणून घरात मूळ तबकडी असेल तर आधी ती लावून पाहावी. तिचा एकच जाच. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटेच मावतात. त्यामुळे तीन तासांचे नाटक दोन-तीन तबकड्यांत येते आणि तबकडी बदलायची वेळ ऐन रंगात आलेल्या प्रवेशात येऊ शकते.

दुसरी कसोटी पट्टीची. जुन्या फिती किंवा ग्रामोफोन तबकड्या उतरवताना वेग थोडा जरी बदलला तरी सूर वर-खाली सरकतो. नट संवाद बोलताना घाईत असल्यासारखा आणि आवाज किंचित बालिश वाटला, तर समजावे की फीत जलद उतरवली आहे. अशा मुद्रणावरून गायकाचे मूल्यमापन करू नये.

तिसरी कसोटी कॅमेऱ्याची, आणि माझ्या मते संगीत नाटकासाठी हीच सर्वांत महत्त्वाची. मैफिलीतला गायक सगळ्यांसाठी गातो. नाटकातले पद बहुधा समोरच्या पात्राला उद्देशून असते. कोणीतरी कोणाला समजावत असते, रुसत असते, छेडत असते. गाणाऱ्या चेहऱ्याइतकाच ऐकणारा चेहरा तिथे महत्त्वाचा. ज्या मुद्रणात पद सुरू होताच कॅमेरा गायकाच्या गळ्याशी चिकटून बसतो आणि समोरचे पात्र पाच मिनिटे गायब होते, तिथे नाटकाची मैफल होते. ज्यात अधूनमधून दोघेही एका चौकटीत दिसतात, ते मुद्रण नाटक दाखवते.

चौथी कसोटी काटछाटीची. 'सौभद्र'मध्ये मुळात शंभरावर पदे आहेत, 'मानापमान'मध्ये पन्नासच्या आसपास. रात्र-रात्र चालणाऱ्या या नाटकांच्या रंगावृत्त्या आता तीन तासांत बसवलेल्या असतात. काटछाट झालेलीच असणार, तिच्याबद्दल तक्रार नाही. पाहायचे एवढेच की काय कापले आहे. पदे भराभर उरकून विनोदच लांबवला आहे, की कथा समजेल इतके संवाद राखून निवडक पदे पूर्ण गाऊ दिली आहेत? दुसऱ्या प्रकारचे मुद्रण नवख्या प्रेक्षकासाठी केव्हाही चांगले.

'कट्यार' : एक नाटक, दोन अनुभव

आता या कसोट्या प्रत्यक्ष लावून पाहू. तुलनेसाठी 'कट्यार काळजात घुसली'इतके सोयीचे नाटक दुसरे नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगमंचावर आले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत पंडित वसंतराव देशपांडे. २०१० मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले महेश काळे. २०१५ मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला. त्यात पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन, खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर आणि सदाशिवच्या भूमिकेत स्वतः भावे.

मुलांना किंवा संगीत नाटकाची सवय नसलेल्या पाहुण्यांना प्रथम चित्रपटच दाखवावा, असे मी सुचवेन. कथा सरळ उलगडते. विश्रामपूरचा दरबार, हवेली, स्पर्धा हे सगळे डोळ्यांसमोर येते. आवाज उत्तम आहे. जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आहेत आणि दोन घराण्यांच्या गायकीतला फरक नवख्या कानालाही जाणवतो. सदाशिवसाठी गायलेल्या गाण्याबद्दल महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पण चित्रपटात एक गोष्ट सुटते. तिथे खाँसाहेबांचा चेहरा सचिन यांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. सदाशिवचा चेहरा भावे यांचा आणि गळा काळे यांचा. काम चोख झाले आहे, तरी श्वास एकाचा आणि छाती दुसऱ्याची. रंगमंचावर अवघड तान घेणारा माणूस आपल्यासमोर घामाघूम होतो. तान साधेल की नाही ही धाकधूक त्यालाही असते आणि आपल्यालाही. 'कट्यार'चा विषयच गाण्यातली ईर्षा आणि गाण्याचा ध्यास हा असल्यामुळे ही धाकधूक नाटकाचाच भाग होते.

शिवाय सदाशिव त्या हवेलीत चाकर म्हणून राहतो आणि खाँसाहेबांची गायकी चोरून ऐकत शिकतो. रंगमंचावर गाणारे खाँसाहेब एका बाजूला आणि कान देऊन उभा असलेला सदाशिव दुसऱ्या बाजूला, हे दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी दिसते. कोणाकडे पाहायचे ते त्याचे तो ठरवतो. चित्रपटात ते संकलक ठरवतो. म्हणून चित्रपट आवडला असेल तर दुसऱ्या दिवशी रंगमंचावरच्या 'कट्यार'ची चित्रफीत जरूर शोधावी. २०१०च्या पुनरुज्जीवित प्रयोगांतले तुकडे पाहायला मिळतात. आधी चित्रपट आणि मग नाटक, या क्रमाने पाहिले तर दोन्हींचा आनंद वाढतो. उलट क्रमाने पाहिले तर जुने रसिक चित्रपटावर उगाच रागावतात.

हीच गोष्ट 'मानापमान'ची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९११चे हे नाटक, संगीत गोविंदराव टेंबे यांचे. श्रीमंत घरातली भामिनी गरीब म्हणून धैर्यधराला नाकारते आणि मग वनमालेचे साधे रूप घेऊन त्याच्याच प्रेमात पडते. जानेवारी २०२५ मध्ये त्यावर भावे यांनीच 'संगीत मानापमान' हा चित्रपट केला. तो पाहताना लक्षात ठेवावे की ही नव्या संगीताची नवी कलाकृती आहे. टेंबे यांच्या चालींसाठी नाटकाचेच मुद्रण पाहावे लागेल. आणि नाटकाचे मुद्रण निवडताना वनमालेचे प्रवेश लावून पाहावेत. भामिनी झालेली नटी वनमालेच्या वेषात बोलणे, चालणे आणि गाणे हे तिन्ही बदलते का? वेष बदलला आणि गाणे तेच राहिले, तर गळा कितीही तयार असो, ती भामिनी अर्धीच.

पैठणचे एकनाथ आणि बालगंधर्व

बालगंधर्वांबद्दल ऐकून वाढलेल्या पिढीला नेहमी वाटते, त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू एकदा पाहायला मिळती तर! ती पाहायला मिळत नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत केलेला 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग आजही आख्यायिकेसारखा सांगितला जातो. पण आपल्याकडे पहिला बोलपट आला १९३१ मध्ये, आणि केशवराव तर त्या प्रयोगानंतर काही महिन्यांतच गेले. ते गाणे ज्यांनी ऐकले त्यांच्याबरोबरच संपले. जगातही असे झाले आहे. मारिया कॅलाससारख्या गायिकेचा १९६४चा लंडनचा 'तोस्का' प्रसिद्ध आहे, पण त्या प्रयोगाच्या दुसऱ्या अंकाचेच चित्रण झाले. कॅमेरा हाताशी असतानाही एवढेच उरले.

बालगंधर्व पडद्यावर पाहायचे तर प्रभात कंपनीचा 'धर्मात्मा' पाहावा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, वर्ष १९३५. आपल्या दृष्टीने यातली गंमत अशी की बालगंधर्व इथे पुरुषभूमिकेत आहेत आणि भूमिका आहे आपल्या पैठणच्या संत एकनाथांची. ज्यांच्या नावाचे रंगमंदिर आपल्या शहरात आहे, त्या नाथांना पडद्यावर उभे केले स्त्रीभूमिकांच्या सम्राटाने. संगीत मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचे. त्यांच्या आडनावातच आपल्या जिल्ह्यातली फुलंब्री आहे. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. ते गांधीजींची आठवण करून देणारे म्हणून सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. अस्पृश्यतेवर तो थेट बोलतो.

'धर्मात्मा'तून बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांची कल्पना येईल का? फारशी येणार नाही. पण शब्द उच्चारण्याची त्यांची पद्धत, स्वरावर अलगद उतरण्याची लकब आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे मार्दव मिळेल. त्याच्या जोडीला त्यांच्या जुन्या तबकड्यांवरची नाट्यपदे ऐकावीत. त्या सुमारे तीन मिनिटांच्या आहेत. रंगमंचावर त्याच पदाचा कितीतरी पट विस्तार होत असे, हे ध्यानात ठेवावे. मग २०११चा रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' पाहावा. त्यात भूमिका सुबोध भावे यांची आणि गाणे आनंद भाटे यांचे. गंधर्व नाटक मंडळीचा थाट, भरजरी शालू, अत्तरे, कर्जे या सगळ्याची कल्पना त्यातून येते. तिन्ही मिळून जे चित्र उभे राहते, ते एकेकट्यातून राहत नाही.

कुठून सुरुवात करावी?

आता प्रत्यक्ष शिफारशी. माझा क्रम नाटकांच्या थोरवीचा नाही, नव्या प्रेक्षकाच्या सोयीचा आहे.

पहिले 'संशयकल्लोळ'. गोविंद बल्लाळ देवलांचे हे प्रहसन १९१६ मध्ये पदांसह रंगमंचावर आले. एक हरवलेली तसबीर, संशयी फाल्गुनराव, तितकीच संशयी कृत्तिका आणि त्यांच्यामध्ये सापडलेले अश्विनशेठ-रेवती. मुलेसुद्धा हसतात. हे नाटक मात्र प्रेक्षकांसमोर चित्रित झालेलेच घ्यावे. हशा नसलेला फाल्गुनराव पाहवत नाही.

दुसरे 'सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ पासून चालत आले आहे. पात्रे पुराणातली, पण बोलणे मराठी घरातले. बहिणीचे लग्न मोठ्या भावाने परस्पर ठरवलेले आणि धाकटा भाऊ गुपचूप तिच्या बाजूने, हे कोणत्या घराला नवे आहे? इथे मुद्रण निवडताना कृष्णाकडे पाहावे. कृष्णाची मिस्किली गाण्यात उतरली असेल तर सगळा प्रयोग तरतो. कृष्ण नुसताच उत्तम गायक असेल तर दुसरे मुद्रण शोधावे.

तिसरे 'मत्स्यगंधा'. वसंत कानेटकरांचे १९६४चे नाटक. इथे अभिषेकींनी पदांची संख्या आणि लांबी दोन्ही आटोपशीर ठेवली. त्यामुळे आजच्या कानाला ते जवळचे वाटते. त्यानंतर 'कट्यार', वर सांगितलेल्या क्रमाने.

पाचवे 'शारदा'. म्हाताऱ्या श्रीमंत भुजंगनाथाला लहानशी शारदा विकू पाहणारा बाप, ही १८९९मधली कथा आहे. बालविवाहाविरुद्धचा १९२९चा कायदा 'सारडा कायदा' म्हणून ओळखला गेला तो हरबिलास सारडा यांच्यामुळे. नाटकाशी नावाचे साम्य योगायोगाचे. पण बालविवाहाच्या बातम्या आपल्या मराठवाड्यातून अजूनही येतात, तेव्हा हे नाटक फार जुने झाले असे म्हणवत नाही. आठवी-नववीच्या मुला-मुलींबरोबर ते जरूर पाहावे. फक्त म्हाताऱ्या नवरदेवाची टिंगल वाढवून शारदेचे दुःख झाकून टाकणारे मुद्रण टाळावे.

सहावे 'एकच प्याला'. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर रंगमंचावर आले. सिंधूच्या पदांमध्ये फार तानबाजी करणारे मुद्रण घेऊ नये. घरात दाणा नसलेली बाई मैफल रंगवत नाही. आणि सगळ्यांत शेवटी 'स्वयंवर'. खाडिलकरांचे शब्द आणि भास्करबुवा बखल्यांच्या चाली. कथानक थोडे, रागदारी भरपूर. हे नाटक पाहण्याइतकेच ऐकण्याचे आहे, म्हणून इथे चित्राकडे जवळजवळ दुर्लक्ष करून सर्वांत स्वच्छ आवाजाचे मुद्रण घ्यावे. शिलेदार कुटुंबाने हे नाट्यसंगीत जिवापाड जपले. २०२२ मध्ये निवर्तलेल्या कीर्ती शिलेदार यांच्या नाट्यपदांची चित्रफीत मिळाली, तर गाताना अर्थ सोडायचा नाही म्हणजे काय, ते कळेल.

पाहण्याची पद्धतही महत्त्वाची. एका बैठकीत एकच अंक पाहावा. टीव्हीचा आवाज पातळ असेल तर जुना डेक किंवा स्पीकर जोडावा. अंक सुरू होण्यापूर्वी घरातल्या जाणत्याने दोन मिनिटांत कथा सांगावी. पूर्वीच्या प्रेक्षकाला ती माहीतच असे. आजच्या मुलाला नसते, आणि तो त्याचा दोष नव्हे.

घरातल्या तबकड्या जपा

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, रेडिओवरून उतरवलेल्या ध्वनिफिती पडून आहेत. गावातल्या गणेशोत्सवातला 'सौभद्र', एखाद्या हौशी मंडळाचा 'शारदा', शाळेच्या स्नेहसंमेलनातला प्रवेश. कॅसेटला बुरशी लागते, फीत चिकटते, तबकडीचा चकाकता थर उडतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुकानात सहज मिळत नाहीत. हे टाकून देण्याआधी चांगल्या माहीतगाराकडून उतरवून घ्यावे. सोबत कागदावर लिहावे : नाटक कोणते, प्रयोग कुठे आणि कधी झाला, कोणी काम केले, ऑर्गनवर कोण होते, तबल्यावर कोण. नाव-तारीख नसलेली चित्रफीत पुढच्या पिढीला निम्मीच उपयोगी पडते.

एकट्या माणसाने किती करता येते याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. ललितकलादर्शचे भालचंद्र पेंढारकर यांनी स्वतः गायक-नट असूनही मुंबईत साहित्य संघाच्या रंगमंचावर होणाऱ्या नाटकांची ध्वनिमुद्रणे करून ती वर्षानुवर्षे सांभाळली. त्यांचे २०१५ मध्ये निधन झाले. त्यांच्यासारख्या माणसाने यंत्र लावले नसते तर कितीतरी आवाज हवेत विरले असते.

आणि आपल्या गावातले नवे प्रयोगही चित्रित करावेत. किर्लोस्कर, देवल, गडकरी यांच्या नाटकांच्या संहितांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क राहिलेला नाही. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यामुळे साठ वर्षांच्या नियमाने त्यांचीही नाटके २००९ पासून मोकळी झाली. दुसऱ्याने केलेल्या मुद्रणाचे हक्क मात्र वेगळे असतात, ते पाळायलाच हवेत. पण आपल्या मंडळाने 'सौभद्र' बसवला तर तो चित्रित करायला अडचण नाही. एक कॅमेरा मधोमध स्थिर, त्यात रंगमंचावरची सगळी पात्रे दिसतील असा. दुसरा चेहऱ्यांसाठी. आणि एक चांगला माईक साथीदारांजवळ. एवढ्यावर पुष्कळ काम भागते.

पडदा रंगमंचाची जागा घेणार नाही, हे खरेच आहे. पण भोकरदनच्या त्या मुलाने एक चांगले मुद्रण पाहिले, तर उद्या संत एकनाथ रंगमंदिरात संगीत नाटक लागल्याची जाहिरात दिसताच तो बापाकडे तिकिटाचे पैसे मागेल. तसे झाले तर आपण निवडलेले मुद्रण योग्य होते असे समजायचे.